नऊ वर्षांच्या मुलाला कुठला गेम द्यावा? स्प्लॅटून, ब्रॉल स्टार्स आणि फोर्टनाइट शेजारी ठेवून

बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. परळला त्यांच्या बिल्डिंगखाली जी पोरं संध्याकाळी क्रिकेट खेळतात, तीच अंधार पडला की जिन्यात ओळीने बसून मोबाइलवर गेम खेळतात. ‘सगळ्यांकडे आहे, मलाच नाही’ हे रोज ऐकून शेवटी बहिणीने मला फोन केला. “अगं, तू खेळतेस ना हे सगळं? कार्टूनच आहे, रक्तबिक्त काही दिसत नाही. देऊ का?”

रक्त दिसत नाही, हे खरं आहे. पण एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत तेवढ्यावर ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तिच्यासाठी तीन गेम शेजारी शेजारी ठेवून बघितले: स्प्लॅटून 3, ब्रॉल स्टार्स आणि फोर्टनाइट. तिन्ही रंगीबेरंगी, तिन्हींत नेम धरून समोरच्याला मारायचं असतं.

वयाचा आकडा, म्हणजे गेम किती वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे ते, आधी बघू. युरोपातल्या पेगी या संस्थेने पहिल्या दोन गेमना 7 दिलाय आणि फोर्टनाइटच्या बॅटल रॉयल या मुख्य खेळप्रकाराला 12. कागदावर पहिले दोन सारखेच. पण अशीच अमेरिकेतली संस्था, ईएसआरबी, ऑनलाइन गेमबद्दल स्पष्ट सांगते की खेळाडूंमधल्या बोलण्याचा विचार या रेटिंगमध्ये केलेला नाही. आकडा पडद्यावरच्या चित्राचा आहे. पलीकडे कोण बसलंय, ते त्यातून कळत नाही.

चित्राच्या बाबतीत स्प्लॅटून मला सगळ्यांत आवडतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीने तो सप्टेंबर 2022 मध्ये आणला. हातात बंदूक असते, पण तिच्यातून रंग उडतो. नेहमीचा डाव चार विरुद्ध चार, तीन मिनिटांचा, आणि जिंकतो तो ज्याने जास्त जमीन रंगवली. किती जणांना टिपलं, यावर निकाल नसतो. रंग संपला की आपल्याच रंगात बुडी मारायची, म्हाकूळ या समुद्री प्राण्याचं रूप घेऊन पोहायचं, टाकी पुन्हा भरते. ज्याचा नेम कच्चा आहे त्यालाही काम असतं: कोपरे रंगवत फिरायचं. भाचा माझ्याकडे पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याने एकालाही टिपलं नाही. शेवटी वरून सगळं मैदान दिसतं आणि जड नावाचं मांजर निकाल देतं, तेव्हा तो पडद्यावर बोट टेकवून म्हणाला, “मावशी, हा पूर्ण कोपरा मी केला.” त्या डावात त्याची टीम हरली होती.

ब्रॉल स्टार्स फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा, डिसेंबर 2018 पासून सगळीकडे मिळतो, फुकट. त्यातल्या जेम ग्रॅब या प्रकारात तीन विरुद्ध तीन, दहा रत्नं जमवून 15 सेकंद सांभाळायची. मार खाल्लेलं पात्र नाहीसं होतं आणि थोड्या वेळात परत येतं. या चित्रावर माझा आक्षेप नाही. मला काळजी वाटते ती डाव संपल्यानंतरची. जिंकल्यावर ट्रॉफी मिळतात, पण त्या वाढत गेल्या की हरल्यावर कमीही होतात, त्यामुळे हरलेल्या डावावर मूल उठायला तयार नसतं. ‘अजून एकच’ इथूनच सुरू होतं. शिवाय स्टार ड्रॉप, म्हणजे बक्षिसाची बंद पेटी. त्यावर टॅप करत राहायचं, रंग बदलला की आत भारी काहीतरी, पण काय ते उघडेपर्यंत माहीत नाही. भाच्याच्या मित्राला मी हे करताना जवळून पाहिलं. तो श्वास रोखून बसला होता.

फोर्टनाइटच्या बॅटल रॉयलमध्ये 100 खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटचा टिकेल तो जिंकतो. हरलेल्याला ड्रोन येऊन उचलून नेतो, प्रेत पडत नाही. पण बंदुका बंदुकांसारख्याच आहेत, आणि टिकून राहिलं तर एक डाव वीसेक मिनिटं चालतो. ‘जेवायला ये’ म्हटल्यावर मूल चिडतं, त्याचं अर्धं कारण हेच. मात्र त्याच ॲपमध्ये डिसेंबर 2023 पासून लेगो फोर्टनाइट हा लेगोच्या ठोकळ्यांच्या जगातला खेळ आहे, आणि त्याला पेगीने 7 दिलाय. पालकांना सहा आकडी पिन घालून ठरावीक रेटिंगच्या वरचं सगळं बंद ठेवता येतं.

आता बोलण्याचं. मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीकडे पोळ्या लाटत होते. भाचा एका मित्राचा फोन घेऊन बसला होता, हेडफोनची पिन निसटली आणि स्पीकरवर एका मोठ्या माणसाचा आवाज आला: आईवरून शिवी, भाच्याला उद्देशून. पोर तसंच खेळत राहिलं. “मावशी, ते सगळ्यांनाच बोलतात,” म्हणाला. माझं लाटणं हातातच राहिलं.

त्या दिवसापासून मी सगळ्यांत आधी चॅट बघते. स्प्लॅटूनच्या डावात अनोळखी माणसाशी गप्पा नाहीतच, दोन-तीन ठरलेल्या हाका असतात. बोलायचं तर मित्रांशी, वेगळ्या ॲपवरून. गेममधल्या चौकात लोकांनी काढलेली चित्रं मात्र दिसतात. ब्रॉल स्टार्समध्ये डाव चालू असताना इमोजीसारखे चेहरे पाठवता येतात, पण क्लबमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, लिहून गप्पा चालतात. फोर्टनाइटमध्ये थेट आवाज आहे. मुलांसाठीही चॅट आपोआप चालू ठेवणं, हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर ठेवलेल्या आरोपांपैकी एक होता. डिसेंबर 2022 मध्ये कंपनीने एकूण 52 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, त्यातले 24.5 कोटी फसवून करवलेल्या खरेदीच्या परताव्यासाठी. त्याच महिन्यात कंपनीने लहान मुलांसाठी वेगळी खाती आणली. त्यांत पालक परवानगी देईपर्यंत आवाज आणि खरेदी दोन्ही बंद.

पैशांचं चित्र उलटं आहे. स्प्लॅटूनला स्विच, म्हणजे निन्टेंडोचा गेम खेळायचा कन्सोल, लागतो, गेमचे वेगळे पैसे (अमेरिकेत 60 डॉलर), ऑनलाइनची वर्गणी वेगळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आयात केलेला स्विच घेतलात तर वॉरंटी कोण देणार, ते बिलावर लिहून घ्या. एकदा खर्च झाला की डावागणिक काही विकत घ्या म्हणून मागे लागत नाहीत. बाकीचे दोन फुकट सुरू होतात आणि रोज दुकान दाखवतात.

माझं मत असं. ऐपत असेल, किंवा दोन घरं मिळून स्विच घेणार असतील, तर नऊ वर्षांच्या मुलाला स्प्लॅटूनच. फोनवरच खेळायचं असेल, आणि परळच्या त्या जिन्यात तेच चालतं, तर ब्रॉल स्टार्स आईच्या फोनवर, क्लबमध्ये न जाता, प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावून, आणि डाव मोजून; हरला तरी मोजलेल्या डावावर फोन परत. फोर्टनाइटचा बॅटल रॉयल बाराव्या वर्षापर्यंत नको. लेगो फोर्टनाइट पिन लावून चालेल.

रविवारी परळला जातेय, ब्रॉल स्टार्स घालून द्यायला. बिल्डिंगमधल्या बऱ्याच पोरांनी गेममध्ये वय खोटं, मोठ्या माणसाचं टाकलंय, भाच्याने आधीच सांगितलं. लहान मुलांसाठी ज्या सोयी आपोआप चालू होतात, त्या त्या वयावरूनच. भाच्याचं खरं वय घालायचं, आणि ते त्याच्यासमोर बसून घालायचं, हे आम्ही दोघींनी फोनवरच ठरवलंय.