डिफेंडरची एक्सक्लूजन यादी: काही महिने वापरून झालेलं मत

माझं काम कोडिंगचं. बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याची प्रक्रिया) लावला की हजारो बारीकसारीक फाइल्स तयार होतात, पुसल्या जातात, पुन्हा तयार होतात आणि विंडोजचा अंगभूत अँटिव्हायरस, डिफेंडर, एकेकीला हटकत बसतो. म्हणून एक्सक्लूजनची यादी, म्हणजे डिफेंडरने काय तपासायचं नाही याची यादी, वापरायला घेतली. बिल्ड खरंच झटपट होऊ लागला. तरीही आज ही यादी जितकी छोटी ठेवता येईल तितकी ठेवा, असंच सांगेन.

डिफेंडर स्वतःहून एखादी फाइल सोडतो तेव्हा त्यामागे काहीतरी हिशोब असतो. तपासून झालेली फाइल बदललेली नसेल तर तो ती दरवेळी नव्याने वाचत नाही, पण नव्या डेफिनिशन्स (मालवेअर ओळखायच्या खुणा) आल्या की जुना निकाल कायम राहीलच असं नाही. फाइल कुणी बनवली ते सांगणाऱ्या डिजिटल सहीला वजन आहे, मात्र सही म्हणजे परवाना नव्हे. 2017 मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या प्रोग्रॅमची 5.33 आवृत्ती अधिकृत सहीसकट मालवेअर घेऊन लोकांच्या मशीनवर उतरली होतीच. उलट, नुकतीच बनवलेली साधीसुधी ईएक्सई (प्रोग्रॅमची फाइल) नेटवरून उतरवली की विंडोजचाच स्मार्टस्क्रीन हा पहारेकरी अडवतो, कारण ती अजून कुणी फारशी वापरलेली नसते. वैताग येतो, पण कारण पटतं.

एक्सक्लूजनमध्ये असला काही हिशोबच नाही. तिथे फाइल चांगली की वाईट हा प्रश्नच विचारला जात नाही. आयकारची चाचणी फाइल घेऊन हे पाहिलं. ती 68 अक्षरांची निरुपद्रवी ओळ असते आणि ती दिसली की अँटिव्हायरसने बोंब ठोकायची, असा संकेत आहे. वगळलेल्या फोल्डरमध्ये ती सेव्ह केली तर चिटपाखरूही हललं नाही. तीच डाउनलोड्समध्ये कॉपी करायला गेलो आणि लगेच क्वारंटाइन, म्हणजे डिफेंडरच्या कोठडीत! फाइल तीच, फक्त पत्ता वेगळा.

सगळ्यांत फसवा प्रकार प्रोसेस वगळण्याचा. कंपायलरची (कोडचं प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणाऱ्या टूलची) ईएक्सई तिथे टाकली की कंपायलर तपासणीतून सुटला असं वाटतं. प्रत्यक्षात ती ईएक्सई तपासली जातेच; सुटतात त्या तिने उघडलेल्या फाइल्स, आणि त्याही फक्त रिअल-टाइम, म्हणजे फाइल वापरताना तिथल्या तिथे होणाऱ्या, तपासणीतून. ठरलेल्या वेळी होणाऱ्या शेड्यूल्ड स्कॅनमध्ये त्या येतातच. शिवाय पूर्ण पाथ न देता नुसतं नाव लिहिलं, तर त्या नावाची कुठल्याही फोल्डरमधली ईएक्सई ही सवलत उपटते. सेटिंगच्या त्या खिडकीत हे कुठेतरी ठळक लिहायला हवं होतं.

एका टूलच्या (नाव राहू दे) सूचनांमध्ये तर अख्खा प्रोग्रॅम डेटा फोल्डर (जिथे बरेच प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतात) वगळायला सांगितलं होतं. असले सल्ले सर्रास दिसतात. त्यापेक्षा डिफेंडरचा परफॉर्मन्स अ‍ॅनालायझर चालवा. अ‍ॅडमिन म्हणून पॉवरशेल (विंडोजची कमांड खिडकी) उघडायचं, रेकॉर्डिंग सुरू करायचं, नेहमीचं काम करायचं आणि रिपोर्ट काढायचा. कुठल्या फाइल्सवर, कुठल्या प्रोसेसमुळे वेळ गेला ते कळतं. माझ्याकडे जवळजवळ सगळा वेळ बिल्डचं आउटपुट आणि पॅकेजची कॅशे (उतरवलेल्या तयार कोडचा साठा) खात होती. सोर्स कोडचा फोल्डर वगळण्याची काहीच गरज नव्हती, तो यादीतून काढून टाकला.

आणखी एक. 2022 च्या सुरुवातीला ही यादी साध्या यूजरलाही रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) वाचता येते, याचा बराच गवगवा झाला होता. म्हणजे मालवेअरला लपायची जागा आयती कळायची. नंतर ती परवानगी काढली गेली. पण टेम्प आणि डाउनलोड्स हे फोल्डर यादीत असतील, तर यादी वाचायची गरजच काय? ते आधी यादीतून काढा.