एम अँड ए ड्राफ्टिंगचा सहा शनिवारांचा वर्ग, डेक्कन: करारनामा पक्का, क्लोजिंग कच्चं

जाहिरातीत ‘एम अँड ए वकील व्हा’ असं लिहिलंय; एम अँड ए म्हणजे कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी. सहा शनिवारांत तसं कोणी होत नाही. पण शेअर परचेस ॲग्रीमेंट (कंपनीचे शेअर्स विकत घेण्याचा करार) हातात पडलं की कुठून वाचायला घ्यायचं, एवढं नक्की कळतं. लॉच्या शेवटच्या वर्षाला असाल किंवा फर्ममध्ये नुकतेच लागला असाल, तर उपयोगाचा.

जमलेला भाग वॉरंटी (कंपनीबद्दल विक्रेत्यानं दिलेली हमी) आणि इन्डेम्निटी (नुकसान भरून देण्याचं वचन) यांचा. भोसरीतल्या एका काल्पनिक कंपनीचे कागद देतात, त्यात चुका मुद्दाम पेरलेल्या: पीएफची थकबाकी, बँकेचं कर्ज फिटलंय पण तशी नोंद करणारा फॉर्म सीएचजी-४ भरलेला नाही. आधी विक्रेत्याच्या बाजूनं डिस्क्लोजर लेटर (वॉरंटीला कुठे अपवाद आहेत ते उघड करणारं पत्र) लिहायचं, मग खरेदीदाराच्या बाजूनं तेच फोडायचं. ‘सर्व सार्वजनिक नोंदी उघड केल्या आहेत असं समजावं’ हे निरुपद्रवी दिसणारं वाक्य तसंच राहू दिलं, तर निम्म्या वॉरंट्या पोकळ होतात, हे इथे नीट डोक्यात बसतं. आणि पीएफसारखी माहीत असलेली अडचण वॉरंटीवर सोडायची नाही, तिच्यासाठी वेगळी स्पेसिफिक इन्डेम्निटी मागायची, हेही.

आकडेमोडही करून घेतात. बास्केट (दावा करण्याआधी नुकसानानं ओलांडायची किमान रक्कम) ४० लाखांचं, दावा ५० लाखांचा. टिपिंग बास्केट असेल तर पूर्ण ५० लाख मिळतात, डिडक्टिबल असेल तर फक्त १०. करारात फरक जेमतेम एका ओळीचा.

आता कच्ची बाजू. पुण्यात शिकवायचं आणि एमआयडीसी वीस मिनिटांत उरकायची, हे काही पटत नाही. चाकण-भोसरीतले भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. शेअर्स विकले तरी भूखंड कंपनीच्याच नावावर राहतो, म्हणून परवानगी लागत नाही, असं नवख्याला वाटतं. पण भागधारक बदलले तरी एमआयडीसीची परवानगी आणि डिफरेन्शियल प्रीमियम (हस्तांतरणापोटी एमआयडीसी घेते ती रक्कम) हे प्रश्न उभे राहू शकतात. लीज डीड वाचून हे कंडिशन प्रीसिडंटमध्ये (सौदा पूर्ण होण्याआधी पाळायच्या अटींत) टाकायचं आणि पैसे कोण भरणार तेही तिथेच लिहायचं. नाहीतर क्लोजिंगच्या, म्हणजे सौदा प्रत्यक्ष पूर्ण होण्याच्या, आदल्या आठवड्यात भांडण ठरलेलंच.

क्लोजिंगला तर शेवटचा एकच तास दिलाय, आणि ज्युनियरचा जीव जातो तो नेमका तिथे. शेअर्स कागदी असतील तर हस्तांतरणाचा फॉर्म एसएच-४, डीमॅट असतील तर डिलिव्हरी इन्स्ट्रक्शन स्लिप. हस्तांतरणावर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे ४० कोटींच्या सौद्यावर ६० हजार. संचालक बदलले की ३० दिवसांत त्या बदलाचा फॉर्म डीआयआर-१२. एक बाजू परदेशी असेल तर ६० दिवसांत रिझर्व्ह बँकेसाठीचा फॉर्म एफसी-टीआरएस. पैसे आधी की बोर्डाचा ठराव आधी, हा क्रम मिनिटागणिक लिहिलेली क्लोजिंग अजेंडा शीट करून घ्यायला हवी होती. तिचा साधा नमुनाही देत नाहीत.

कंपनी कायद्याच्या कलम २३० ते २३२ खालच्या विलीनीकरणाची तोंडओळख ठीक. पुण्याच्या कंपनीलाही एनसीएलटीसाठी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) मुंबई गाठावी लागते, हे सांगतात तरी.

नोट्स मात्र घेताना तपासा. स्पर्धा कायद्यातली २,००० कोटींची डील व्हॅल्यूची मर्यादा (त्यापुढच्या सौद्याला स्पर्धा आयोगाची मंजुरी लागू शकते) १० सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे; वाटलेल्या प्रतीत फक्त मालमत्ता आणि उलाढालीच्या जुन्या मर्यादा आहेत.