बडोद्यातली ‘सामाजिक उत्तरदायित्व’ कार्यशाळा: पहिला दिवस उत्तम, दुसरा अपुरा

कुटुंब दत्तक उपक्रम 2022 साली एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आला. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. त्यांचं नेमकं करायचं काय, हे मेडिकल आणि नर्सिंगच्या शिक्षकांना शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा दांडिया बाजारात भरते. सामाजिक उत्तरदायित्व म्हणजे कॉलेजने आसपासच्या लोकांच्या आरोग्याच्या गरजांना बांधील असणं. जरूर करावी अशी आहे, पण डोळे उघडे ठेवून.

पहिल्या दिवशी भाषणं जवळजवळ नाहीत. प्रत्येक टेबलावर विद्यार्थ्यांच्या कुटुंबभेटींचं एक रजिस्टर ठेवतात. एका बाईंचं हिमोग्लोबिन 8.4, त्याभोवती लाल गोल आणि पुढचा रकाना कोरा. मग प्रश्न सुरू होतात. चिठ्ठी देऊन कुणाकडे पाठवलं? गोळ्या मिळाल्या का? त्या चहाबरोबर तर घेत नाहीत ना, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. महिन्याने पुन्हा रक्त तपासलं का? छोटा उदेपूरकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही व्हायला हवी, नुसत्या लोहाने तो रक्तक्षय हटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1995 मध्ये मेडिकल कॉलेजांच्या सामाजिक उत्तरदायित्वासाठी मांडलेल्या चार कसोट्या (गरजेशी सुसंगती, गुणवत्ता, खर्चाच्या मानाने परिणाम, समन्याय) या एका कोऱ्या रकान्यातून लख्ख समजतात. नर्सिंगचे शिक्षक टेबलावर असले की चर्चा रंगते, कारण कुटुंबाची फाइल सांभाळण्याची सवय त्यांना फार आधीपासून आहे.

दुसरा दिवस मूल्यमापनाचा, आणि इथे गाडी घसरते. नमुना गुणपत्रिकेत 20 पैकी 10 गुण भेटींच्या संख्येला, 5 डायरीला आणि 5 तोंडीला आहेत. कुटुंबाचं काय झालं, याला शून्य. असं असल्यावर मुलं सही घेऊन परततात, यात त्यांचा दोष नाही. निम्मे गुण पाठपुराव्याला हवेत. हिमोग्लोबिन वाढलं की नाही यावर मात्र गुण ठेवू नयेत, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्या असतील तर विद्यार्थी काय करणार? संपल्याचं त्याने कुणाला आणि कधी कळवलं, ते तपासावं.

याहून मोठी उणीव म्हणजे दोन्ही दिवस गावातलं कुणीच नसतं. आरोग्याचे अग्रक्रम सरकार, आरोग्यसंस्था आणि व्यावसायिकांनी लोकांसोबत ठरवायचे, असं त्याच 1995 च्या मांडणीत आहे. एका आशाताईंना बोलावलं असतं तरी कळलं असतं की कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी 11 ला घरी कुणी सापडत नाही, संध्याकाळी यावं लागतं.

छापील साहित्य फक्त इंग्रजीत आहे. गावात विचारायचे प्रश्न गुजरातीत हवेतच, कारण बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना ते ऐन वेळी जुळवता येत नाहीत. जेवण, जागा, वेळापत्रक ठीक.

जाणार असाल तर आपल्या कॉलेजचं भरलेलं रजिस्टर नावं झाकून सोबत न्या. पहिल्या दिवशी दुपारनंतर ते तपासून देतात.