नानांच्या कानाचं मशीन: पाच घराणी, दोन दुकानं आणि साठचे आठ

सुरुवात भाजीवालीपासून झाली. तिने गवारीचे साठ रुपये सांगितले, आमच्या नानांनी (सासरे, वय ७९) दहाची नोट दिली आणि दोन रुपये परत मिळायची वाट बघत उभे राहिले. भाजीवाली हसली, मीपण हसले, पण घरी येईपर्यंत नाना एक शब्द बोलले नाहीत आणि त्यानंतर भाजीला जाणंच बंद केलं. तेव्हा कळलं की हे आता नुसतं "टीव्ही जरा मोठा कर गं" एवढ्यावर राहिलेलं नाही.

पुढचे चार महिने मी कानाच्या मशीनवर जेवढं वाचलं तेवढं बारावीला वाचलं असतं तर आज कुठे असते, असो. ज्यांच्या घरात हेच चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी आमचा गाढवपणा सांगते. ह्यांनी ऑनलाइन दोन हजाराचं एक मशीन मागवलं, फोटोत गोरे आजीआजोबा हसत होते तेवढ्यावर. ते मशीन नव्हतंच, नुसता आवाज वाढवायचा भोंगा. चमचा पडला की नाना खुर्चीतून उडायचे आणि बोललेलं मात्र तरीही कळायचं नाही. शिवाय कानाजवळ हात नेला की शिट्टी. आठवड्यात ते ड्रॉवरमध्ये गेलं आणि नानांचं मत पक्कं झालं, "मशीन म्हणजे डोक्याला ताप." हे मत घालवायला मला दीड महिना लागला, म्हणून सांगते, स्वस्तातलं आधी वापरून बघू असं अजिबात करू नका, पैशापेक्षा माणसाचा उत्साह जास्त वाया जातो.

मग ईएनटीकडे गेलो. डाव्या कानात एवढा मळ निघाला की डॉक्टर म्हणाले, काका, निम्मं ऐकू न येणं इथेच होतं. निम्मं नव्हतं, पण थोडं नक्की होतं. त्यानंतर ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ) बाईंकडे तपासणी, ज्याला पीटीए म्हणतात. बंद केबिनमध्ये हेडफोन लावून बसवतात, टीं आवाज आला की बटण दाबायचं. त्याचा आलेख निघतो तो फेकू नका, फाइलला लावा, कुठल्याही कंपनीचं मशीन घ्या, पहिला कागद हाच मागतात. नानांचा आलेख डाव्या बाजूला, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजांना बरा, आणि उजव्या बाजूला, म्हणजे वरच्या पट्टीला घसरगुंडी, ४००० हर्ट्झच्या आसपास तर सरळ खड्डा. बाईंनी तो बघूनच विचारलं, काका कारखान्यात होते का? एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं, हातोडा, कॉम्प्रेसर, बसची इंजिनं, आणि कानात बोळे घालायचे असतात हे तेव्हा कोणाला माहीत होतं.

त्यांनी जे समजावलं ते ऐकून मला भाजीवालीच आठवली. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नानांना नीट येतात. स, श, फ, त ही सगळी बारीक व्यंजनं वरच्या पट्टीत, ती गळतात. साठमधला स गेला की काय उरतं? आठ. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात ना की आवाज येतो पण शब्द कळत नाही, ते अगदी खरं असतं, आपण उगाच ओरडतो, आणि ओरडल्यावर स्वरच मोठे होतात, स बिचारा तिथेच. दोन हजाराचा भोंगा का चालला नाही तेपण तिथेच कळलं, तो सगळंच वाढवत होता, नानांना फक्त आलेखाच्या उजवीकडचं, वरच्या पट्टीतलं वाढवून हवंय.

आता कंपन्या. दुकानात गेलं की पंधरा नावं तोंडावर फेकतात पण मोठी घराणी पाचच आहेत. स्वित्झर्लंडच्या सोनोवाचं फोनाक आणि युनिट्रॉन. डेन्मार्कच्या डिमांटचं ओटिकॉन आणि बर्नाफोन. सिग्निया आणि वाइडेक्स हे २०१९ पासून एकाच छताखाली. मग जीएनचं रीसाउंड, आणि अमेरिकेतलं स्टार्की. सिग्निया म्हणजे पूर्वीचं सीमेन्स, २०१५ ला सीमेन्सने हा धंदा विकला तरी नानांचे कट्ट्यावरचे मित्र अजून "सीमेन्सचं घे" म्हणतात. ओटिकॉन तर १९०४ चं, हान्स डिमांट नावाच्या माणसाने बायकोला कमी ऐकू यायचं म्हणून सुरू केलेलं, हे मी नानांना सांगितलं तर म्हणाले, बघ, आणि तुझी सासू म्हणते मला मुद्दाम ऐकू येत नाही.

मला वाटलं होतं की मोबाइलसारखं असेल, हा कॅमेरा चांगला, तो बॅटरी चांगली. तसं नाहीये. आवाज वाढवायचं काम पाचही घराणी नीट करतात, फरक स्वभावाचा आहे. वाइडेक्सचा जोर नैसर्गिक आवाजावर, त्यांच्या मोमेंटमध्ये एक प्युअरसाउंड प्रकार आहे ज्यात मशीनमधून आवाज यायला अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ लागतो, बाकीच्यांना साधारण काही मिलिसेकंद. कान मोकळा ठेवणारी रबरी टोपी असेल तर थेट आलेला आवाज आणि मशीनमधून आलेला आवाज मागेपुढे होऊन पत्र्यासारखं वाजतं, ते ह्यात कमी होतं. ज्यांचा कान थोडाच गेलाय आणि गाण्याबिण्याचा नाद आहे त्यांनी हे ऐकून बघावं. ओटिकॉनचं म्हणणं असं की फक्त समोरच्याचा आवाज पकडून बाकी बंद करू नका, आजूबाजूचं सगळं मेंदूपर्यंत जाऊ द्या. रीसाउंडच्या वनमध्ये एक माइक चक्क कानाच्या भोकात बसतो, म्हणजे कानाच्या पाळीचा नैसर्गिक उपयोग होतो, आवाज कुठून आला ते कळायला बरं. स्टार्कीच्या काही मॉडेलमध्ये माणूस पडला तर घरच्यांच्या फोनवर मेसेज जातो, एकटे राहणाऱ्या आईवडिलांसाठी ही मला खूप कामाची गोष्ट वाटली.

सिग्नियाची गंमत वेगळी. मशीन घातलं की बऱ्याच जणांना स्वतःचाच आवाज पिपात बोलल्यासारखा येतो आणि ह्याच एका कारणाने कितीतरी मशीनं कपाटात पडून असतात. सिग्निया आपला आवाज ओळखून तेवढाच वेगळा हाताळतं, त्यासाठी सुरुवातीला थोडं बोलून दाखवावं लागतं. बाईंनी नानांना आकडे म्हणायला लावले. नाना ताठ बसले आणि एकवीस, बावीस, तेवीस असं शाळेतल्यासारखं म्हणायला लागले, पंचवीसला थांबून म्हणाले, अगं माझा आवाज असा आहे होय? मला एकदम भरून आलं.

आणि फोनाक. २०१८ च्या मार्वलपासून ह्यांची ब्लूटूथवाली मशीनं साध्या ब्लूटूथवर चालतात, म्हणजे आयफोन असो, स्वस्तातला अँड्रॉइड असो, नाहीतर ब्लूटूथवाला बटणांचा फोन असो, कॉल सरळ कानात. बाकी बऱ्याच कंपन्यांचं आयफोनशी छान जमतं पण अँड्रॉइड म्हटलं की कुठला फोन, कुठलं व्हर्जन ते बघावं लागतं. नानांची बहीण धुळ्याला, रोज संध्याकाळी सातला फोन, आणि नानांचा फोन आठ हजाराचा. आमच्यासाठी हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडला.

पण थांबा, खरी गोष्ट पुढे आहे. आम्ही दोन दुकानांत गेलो. पहिल्यात (नाव लिहीत नाही) तपासणी फुकट, चहा, एसी, आणि आज बुक केलं तर ४० टक्के डिस्काउंट. त्या मुलाने आमचा आलेख दोन सेकंद पाहिला, कॉम्प्युटरला वायर लावली, कंपनीचं सॉफ्टवेअर जे म्हणेल ते सेटिंग टाकलं, झालं. नाना बाहेर आले आणि म्हणाले, सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलतायत. दुसऱ्या ठिकाणी ऑडिओलॉजिस्ट बाईंनी त्याच कंपनीचं तेच मॉडेल काढलं, मी म्हटलं हे नको, हे बघितलंय. त्या म्हणाल्या, बसा तर खरं. त्यांनी कानाच्या नळीत केसासारखी बारीक रबरी नळी सरकवली, वरून मशीन घातलं, आणि कानाच्या पडद्याजवळ आवाज किती पोचतोय ते प्रत्यक्ष मोजलं. ह्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. वरच्या पट्टीत कुठे जास्त जात होतं, कुठे कमी पडत होतं ते हलवलं, रबरी टोपीचा साइज बदलला, आणि पहिल्या दिवशी मुद्दाम थोडं कमीच ठेवलं, दर दोन आठवड्यांनी वाढवू म्हणाल्या, कारण इतकी वर्षं जे आवाज आलेच नाहीत त्यांची सवय मेंदूला परत लागायला वेळ लागतो. तेच मशीन, तेच नाना. डबा गायब.

त्या दिवशी कंपन्यांची तुलना करायची माझी एक्सेल शीट मी बंद केली. म्हणून मशीन बघायला जाल तेव्हा दोन प्रश्न आधी विचारा, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन असलेला ऑडिओलॉजिस्ट बसतो का, आणि रिअल इअर मोजता का. दुसऱ्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा कोरा झाला तर चहा पिऊन निघायचं.

ट्रायल घरी मागा, दुकानातल्या शांततेत सगळीच मशीनं गोड वाजतात. आमच्या घरातली परीक्षा म्हणजे कुकरची शिट्टी, मिक्सर, नातीची पळापळ आणि सासूबाई हे सगळं एकदम. पहिल्या संध्याकाळी नाना पेपर उलगडून दचकले, कागद एवढा वाजतो? मग चिवडा खाताना थांबले. मग स्वयंपाकघरात येऊन उभे, "हे घुर्र घुर्र काय वाजतंय, बारीक किणकिण पण आहे." आम्हाला काहीच ऐकू येईना. फ्रिज पुढे ओढायला लावला, मागे जाळीचा एक स्क्रू ढिला होता. ७९ व्या वर्षी पाना घेऊन बसले आणि आवळून टाकला.

बॅटरी का चार्जिंग ह्यावर आमच्याकडे भांडण झालं. बॅटरीवाल्यात रंगांवरून साइज ओळखायची, पिवळी म्हणजे १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळी ६७५. मागचा स्टिकर काढला की हवा आत जाऊन ती सुरू होते, म्हणून काढल्यावर मिनिटभर थांबून मग घालायची, आणि स्टिकर परत चिकटवून ती वाचत नाही (नानांनी करून पाहिलंय). नानांना डायबेटिसमुळे बोटांना मुंग्या येतात, तपकिरी बॅटरी त्यांच्या हातात म्हणजे तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिण्यासारखं, तीनदा सोफ्याखाली गेली. घरात लहान मूल असेल तर ती बॅटरी तोंडात जायचीपण भीती. म्हणून चार्जिंगवालं घेतलं, रात्री डबीत ठेवायचं, सकाळी काढायचं. पण गावाकडे तासन् तास लाइट जात असेल किंवा सारखं प्रवासात असाल तर बॅटरीवालंच बरं. आणि चार्जिंगवाल्याची आतली बॅटरी चारपाच वर्षांत थकते, ती वॉरंटीत येते का, बदलायला किती लागतील, हे बिलाआधी विचारून घ्या.

पैशाचं. आम्हाला मिळालेली कोटेशन्स जोडीला ४५ हजारापासून ४ लाख ८० हजारापर्यंत होती. हा फरक का, तर प्रत्येक कंपनी एकाच मॉडेलच्या पायऱ्या करते, फोनाकमध्ये ३०, ५०, ७०, ९०, वाइडेक्समध्ये ११०, २२०, ३३०, ४४०. वरची पायरी म्हणजे जास्त मोठा आवाज असं नाही, ती ताकद कानातल्या स्पीकरवर असते. वरच्या पायरीत गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची अक्कल जास्त असते, बस. रोज मीटिंगा, लग्नं, हॉटेलं असतील तर त्याचे पैसे द्या. नाना दिवसभर घरात, संध्याकाळी कट्टा, एकादशीला कीर्तन. पहिल्या दुकानातला मुलगा ९० वर अडून बसला होता, बाईंनी स्वतःहून ५० सुचवलं. आम्ही फोनाक ५० ची जोडी घेतली. दोन्ही कानांना घेतली, एक घेऊन बघू म्हणणाऱ्यांना सांगते, दोन्हीकडे कमी असेल तर गर्दीत शब्द पकडायला आणि आवाजाची दिशा कळायला दोन लागतात. कानाच्या मशीनवर जीएसटी नाही, तेव्हा बिलावर तो लावला असेल तर विचारा.

एवढे पैसे शक्य नसतील तर मुंबईत वांद्र्याला कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची अली यावर जंग ही सरकारी संस्था आहे, तिथे तपासणी होते आणि अटीत बसलात तर एडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या) योजनेतून मशीन मिळतं. राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ला आली, ६५ च्या वर वय आणि घरचं उत्पन्न दोन लाखाच्या आत असेल तर अशा वस्तूंसाठी ३००० रुपये खात्यात येतात. चांगल्या मशीनला ते पुरत नाहीत हे उघड आहे.

बंगलोरचा दीर सारखा म्हणत होता ॲपलचे इअरफोन, एअरपॉड्स प्रो घ्या, २०२४ ला अमेरिकेच्या एफडीएने त्याला परवानगी दिलीय. दिलीय, पण ते ज्यांचं ऐकणं थोडं किंवा मध्यम कमी झालंय त्यांच्यासाठी, आयफोन लागतो, आणि दिवसभर चार्ज पुरत नाही. नाना म्हणाले, कानात पांढरं काही लटकवून कीर्तनाला जाणार नाही. विषय संपला.

आता सहा महिने झाले. पावसाळ्यात सिलिका जेलच्या डबीत ठेवणं, आठवड्याला मऊ ब्रशने पुसणं, मळाची जाळी बदलणं, हे सगळं माझ्याकडे. एकदा आवाज बंद पडला म्हणून घाबरून फोन केला तर जाळीच चोंदली होती, दहा सेकंदाचं काम. अंघोळीला आणि केस कापायला जाताना काढून ठेवायचं हे नाना अजून विसरतात. पुढचं ट्यूनिंग दिवाळीनंतर आहे, तेव्हा हॉलसाठी वेगळा प्रोग्राम टाकून घ्यायचाय, डिसेंबरमध्ये पुतणीचं लग्न आहे आणि बँडवाले आत्ताच ठरलेत.