शाळेत पोराचा छळ होत असेल तर 14416: कोकणात ही सेवा किती पुरते

'टेली मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. नंबर 14416, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशकाशी बोलणं होतं. गरज दिसली तर तो पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे जोडून देतो. इथे ही सेवा फक्त एका बाजूने पाहिली आहे: शाळेत, एसटीत, कॉलेजात किंवा कामावर सतत छळ सोसणाऱ्यांना तिचा किती आधार होतो.

कोकणापुरता सर्वांत मोठा फायदा म्हणजे गुप्तता. कुणाच्या घरी कोण आलं हे वाडीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या दारात ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने पालक मुलाला तिथे न्यायला कचरतात. मंडणगडहून रत्नागिरीला जाऊन यायचं तर दिवस मोडतो तो वेगळाच. फोनवर हे सगळं टळतं. मूल गावी आजीआजोबांकडे आणि वडील मुंबईला असतील, तर वडील तिकडूनही फोन लावू शकतात. घरात रेंज कुठे टिकते ते मात्र आधी पाहून ठेवा, आणि मुलाला अंगणात, शेजाऱ्यांच्या कानावर जाईल असं बोलायला लावू नका.

'पोराला चिडवतात हो' एवढंच सांगितलंत तर सल्लाही तेवढाच वरवरचा मिळेल. फोनआधी दोन आठवडे एका वहीत लिहा: तारीख, जागा, कोण होतं, नेमकं काय बोललं किंवा केलं, कुणी पाहिलं, त्या रात्री मूल जेवलं का, झोपलं का. मोबाइलवर काही आलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, पुसू नका. मूल मार खात असेल किंवा जिवाचं काही बोलत असेल, तर मात्र वहीसाठी थांबू नका, त्याच दिवशी फोन लावा. वही अशासाठी की साधी चिडवाचिडवी आणि छळ यांतला फरक तिच्यातून दिसतो. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला त्रास, तो पुन्हा पुन्हा होणं, आणि सोसणाऱ्याची ताकद कमी असणं. या तिसऱ्या खुणेकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. म्हणूनच दोघांना समोरासमोर बसवून 'हात मिळवा' म्हणण्याचा उपाय छळात उलटतो. दुबळं मूल मोठ्यांसमोर मान डोलावतं आणि परतीच्या एसटीत त्याची किंमत मोजतं. असा सल्ला कुणी दिला तर, तो समुपदेशक असो की मुख्याध्यापक, स्पष्ट नाही म्हणा. 'तूही एक ठेवून दे' हाही सल्ला तितकाच घातक.

ही सेवा कमी पडते ती शाळेच्या बाबतीत. फोनवरचा समुपदेशक तुमच्या शाळेत येऊ शकत नाही. 'तुकडी बदलून घ्या' हा नेहमीचा सल्ला जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत कुचकामी ठरतो, तिथे दुसरी तुकडीच नसते. शिवाय छळणारं मूल बरेचदा त्याच वाडीतलं, कधी भावकीतलं. आईवडील थेट त्याच्या घरी भांडायला गेले की मुलाचा प्रश्न बाजूला पडतो आणि बांधाची जुनी भांडणं वर येतात. त्यापेक्षा वहीतल्या नोंदींवरून वर्गशिक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तीन ठोस गोष्टी मागा: मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणारी एक ठरलेली व्यक्ती, एसटीत कंडक्टरजवळची सीट, आणि दर आठवड्याला एकदा मुलाला एकट्याला घेऊन विचारपूस. त्रास शिक्षकच देत असतील तर शिक्षणहक्क कायदा 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. अर्ज मग थेट मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे.

मूल महिनाभर शाळा टाळत असेल, अंथरूण ओलं करायला लागलं असेल किंवा 'मी नसलेलंच बरं' म्हणत असेल, तर फोनवर भागवू नका. ओरोस, अलिबाग किंवा रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठा. साधारण 6 ते 12 भेटी धरून चाला. चांगला समुपदेशक पहिल्या भेटीत मुलाशी एकट्याशीही बोलतो. लहानांकडून चित्रं काढून घेतो, मोठ्यांकडून प्रसंगाचा सराव करून घेतो: मान वर, आवाज स्थिर, एक वाक्य, आणि तिथून निघून जाणं. गुप्ततेची मर्यादाही तो आधीच सांगतो. लैंगिक अत्याचार समोर आला तर पॉक्सो कायद्यानुसार त्याला कळवावंच लागतं. तिथे आणि मारहाणीत 1098 लावा. ती 18 वर्षांखालच्यांची हेल्पलाइन.

छळणाऱ्या मुलालाही समुपदेशन हवं, हे लोकांना पटत नाही. त्यातही जे मूल एकीकडे सोसतं आणि दुसरीकडे लहानग्यांना छळतं, ते सर्वांत जास्त अडचणीत असतं.

मोठ्यांना 14416 जास्त उपयोगी पडतो, कारण त्यांच्या बाबतीत शाळेची अडचण नाही. शाळेतले जुने घाव पस्तिशीतही साहेबाच्या आवाजाने जागे होतात, आणि ते बोलायला अनोळखी माणूस बरा वाटतो. कॉलेजातल्या रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा वेगळा नंबर आहे. खासगी समुपदेशक निवडताना शिक्षण विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. औषधं फक्त डॉक्टर लिहून देऊ शकतात.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन करा. तोच समुपदेशक मिळेल असं धरू नका, वही हाताशी ठेवा. गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा खास जपा. सुट्टीत हसतंखेळतं झालेलं मूल शाळेच्या आदल्या रात्री पोट दुखतंय म्हणतं, तेव्हा त्याला घरी ठेवण्यापेक्षा पहिले दोनतीन दिवस शाळेच्या फाटकापर्यंत सोबत जा, आणि सुटायच्या वेळी एसटीच्या थांब्यावर कुणीतरी मोठं माणूस उभं राहील असं पाहा.