अमेरिकेत पहिलं घर: ३ टक्के भरायचे की साडेतीन?

न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा टेक्ससमधल्या फ्रिस्कोला चार-पाच वर्षं भाड्याने काढली की प्रत्येक पॉटलकला (घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला) तोच प्रश्न येतो, ‘घर कधी घेताय?’ उत्तरही ठरलेलं: ‘२० टक्के डाउन पेमेंट (घराच्या किमतीतला स्वतः भरायचा वाटा) जमलं की.’ ही २० टक्क्यांची अट कुणी घातली कोण जाणे! ४ लाख डॉलरच्या घराला १२-१४ हजार भरूनही कर्ज मिळतं. प्रश्न एवढाच, की कमी भरल्याबद्दल जो विमा गळ्यात पडतो तो किती वर्षं राहतो.

त्याआधी व्हिसा बघा. २५ मे २०२५ पासून एच-१बी किंवा एल-१ या कामाच्या व्हिसांवर असलेल्यांना एफएचए कर्ज (सरकारी विम्याचं घरकर्ज) मिळणं बंद झालं. त्यामुळे मित्राने २०१९ मध्ये एफएचएवर घर कसं घेतलं ते कौतुकाने ऐका आणि सोडून द्या. तुमच्यासाठी कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विम्याशिवायचं नेहमीचं कर्ज. बँकांकडून अशी कर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या कंपनीच्या नियमांत कायदेशीर वास्तव्य असलेल्या व्हिसाधारकाला नागरिकासारख्याच अटी आहेत.

ग्रीन कार्ड हातात असेल तर मात्र डोकं खाजवावं लागतं. एफएचएला साडेतीन टक्के, म्हणजे १४,००० डॉलर, आणि ५८०चा क्रेडिट स्कोअरही (कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुण) चालतो. उरलेल्या ३,८६,००० वर १.७५ टक्के, म्हणजे ६,७५५ डॉलर विम्यापोटी सुरुवातीलाच. बहुतेक जण ते कर्जातच मिळवतात. शिवाय वर्षाला ०.५५ टक्के, महिन्याला साधारण १७७ डॉलर. विमा बँकेच्या बचावाचा, पैसे तुमचे! आणि डाउन पेमेंट १० टक्क्यांहून कमी असेल तर तो कर्ज फिटेपर्यंत चिकटतो. सुटायचं तर रिफायनान्स करा, म्हणजे नवं कर्ज घेऊन जुनं फेडा.

कन्व्हेन्शनलला ३ टक्के, १२,००० डॉलर. घेणाऱ्यांपैकी एक तरी ‘पहिल्यांदा घर घेणारा’ हवा. म्हणजे गेल्या तीन वर्षांत नावावर घर नसलेला. इथला विमा, पीएमआय, स्कोअरवर ठरतो: ७६० ला हलका, ६४० ला चांगलाच जड. पण तो जातो. कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की अर्ज करून काढता येतो, ७८ ला आपोआप निघतो. साडेसहा टक्के व्याजाने नुसते हप्ते भरत गेलात तर ८० ला पोचायला ११ वर्षं लागतात, म्हणून बोनसमधून जादा मुद्दल फेडत राहावं.

स्कोअर ७०० च्या वर असेल तर मी कन्व्हेन्शनलच घेईन. ६५० च्या खाली एफएचए. मधल्यांनी दोन्हींची लोन एस्टिमेट (बँकेने दिलेला दर आणि खर्चाचा अंदाज) एकाच दिवशी मागवावीत, कारण दर रोज हलतात.

शून्य डाउन पेमेंटचीही दोन कर्जं आहेत. व्हीए लष्करात सेवा केलेल्यांसाठी. यूएसडीए ग्रामीण भागासाठी, तेही उत्पन्नाच्या मर्यादेत; दोन आयटी पगारांचं कुटुंब त्यात बसणं कठीण.

क्लोजिंग कॉस्ट, म्हणजे व्यवहार पूर्ण करतानाचा खर्च, मात्र विसरू नका, किमतीच्या २ ते ५ टक्के. विक्रेता त्यात हातभार लावू शकतो: एफएचएत ६ टक्क्यांपर्यंत, ३ टक्केवाल्या कन्व्हेन्शनलमध्ये फक्त ३. आई-बाबांनी भारतातून पाठवलेले पैसेही चालतात, गिफ्ट लेटर (पैसे भेट आहेत, परत द्यायचे नाहीत असं पत्र) लागतं. वर्षभरात अशी भेट १ लाख डॉलरच्या वर गेली तर कर लागत नाही, पण आयआरएसचा (अमेरिकेच्या करखात्याचा) फॉर्म ३५२० भरावाच लागतो. चुकलात तर दंड जबर आहे. आणि ते पैसे अर्जाच्या दोन-तीन महिने आधीच खात्यात येऊ द्या. बँक शेवटची दोन स्टेटमेंट मागते आणि त्यातल्या प्रत्येक मोठ्या रकमेवर बोट ठेवते.