कुत्र्याच्या वासावरचा औषधी शाम्पू: पैसे कुठे वसूल, कुठे वाया

क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) २ टक्के आणि मायकोनाझोल (बुरशीनाशक) २ टक्के असलेला शाम्पू वासावर चालतो, पण वास कातडीचा असेल तरच. म्हणून बाटली उघडण्याआधी नाकानेच शोध घ्या. शेपटीखाली सुक्या मासळीसारखा वास म्हणजे बहुधा गुदग्रंथी भरल्यात. तिथे शाम्पूचा उपयोग नाही. तोंडाला कुजका वास असेल तर दातांवरचं कीटण बघा. कान उलटा करून हुंगा: आंबूस वास आणि तपकिरी मळ दिसला तर त्याचं औषध वेगळं. हा शाम्पू कानात अजिबात जाऊ देऊ नका. पडदा फाटलेला असला तर क्लोरहेक्सिडिन आतल्या कानाला इजा करतं.

बोटांच्या बेचक्यात, काखेत, मानेच्या वळ्यांत तेलकट, आंबलेल्या पिठासारखा वास येतो तेव्हा बहुतेक वेळा मॅलासेझिया हे यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, वाढलेलं असतं. हा शाम्पू खरा इथला. अंग पूर्ण भिजवा, फेस कातडीपर्यंत चोळा आणि घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: दोन मिनिटांत पाणी ओततात आणि शाम्पूला नावं ठेवतात. आठवड्यातून दोनदा, निदान तीन आठवडे. फेस चाटू देऊ नका. शेवटी बेचकी टॉवेलने कोरडी करा, पावसाळ्यात तर नक्कीच.

फेस कमी, सुगंध नावापुरता, ते बरंच. वास महिन्याभरात परत आला तर मुळाशी ॲलर्जी किंवा थायरॉइड असू शकतं. मग दुसरी बाटली आणू नका, डॉक्टरांकडून चिकटपट्टीने कातडीचा नमुना घेऊन मायक्रोस्कोपखाली तपासून घ्या.